तेरा भागांची मालिका आहे, चॅनेलला ‘पर एपिसोड’ किती सांगायचे?

बारववेडा

रामराम मंडळी.

परभणीत आम्ही चौघं मिळून व्हिडिओचं काम करतो. लग्नं, खत-बियाण्यांच्या जाहिराती, इलेक्शन आलं की प्रचाराच्या क्लिपा. पोट त्याच्यावर. आणि दोन वर्षांपासून रविवारी-रविवारी गाडीत स्वतःचं पेट्रोल टाकून बारवा (पायऱ्यांच्या जुन्या विहिरी) शूट करायलोय. वालूरची चक्राकार बारव, चारठाण्याची, असं करत करत बत्तीस जागा झाल्या. काही तुकडे नेटवर टाकले होते. ते बघून मुंबईच्या एका चॅनेलातून फोन आला. अर्ध्या तासाचे तेरा भाग, रविवारी सकाळी. ‘पर एपिसोड तुमचा आकडा मेल करा.’

मी म्हणलं, साहेब, तुमचा रेट काय असतो? तर म्हणे, ‘माहितीपटाचं आमचं ठरलेलं असतं, फिक्शनचं वेगळं, नॉन-फिक्शनचं वेगळं. तुम्ही आधी सांगा.’ ठरलेलं आहे तर सांगायला काय होतं? माळेगावच्या जत्रेत जनावराचा सौदा रुमालाखाली बोटं धरून होतो, तसली गत. फरक इतकाच की जत्रेत बोटं दोघांचीही रुमालाखाली असतात.

आमचा हिशोब असा. एका भागाला रेकी (आधी जाऊन जागा बघणं) आणि प्रवास धरून सहा दिवस, वर आठ दिवस एडिट. आमची मजुरी न धरता भागामागं ६८ हजार खर्च येतो. मजुरी धरली की लाखाच्या पुढं.

मालिकेला किती, गाण्याच्या कार्यक्रमाला किती, माहितीपटाला किती, हे ठरवतं कोण आणि कशावरून? कुणाला आतलं माहीत असेल तर सांगा. गुरुवारपर्यंत मेल करायचाय.

हिंगोलीकर

दीड लाख सांगा, साठावर या. आयुष्यभर हेच बघत आलोय.

सायबर_सेलू

हे तर ट्रायनं (टीव्हीच्या दरांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) ठरवून दिलंय ना? १९ रुपयांची काहीतरी मर्यादा होती.

जुना_एफपीसी

सेलूकर, ते वेगळं. तुम्ही म्हणताय तो दर प्रेक्षकानं चॅनेलसाठी महिन्याला द्यायचा. फेब्रुवारी २०१९ पासून आलेली ती व्यवस्था. चॅनेलनं निर्मात्याला काय द्यावं यावर आपल्याकडे कुणाचंच नियंत्रण नाही.

बारववेडा, मी बारा वर्षं दोन-तीन चॅनेलांत प्रोग्रॅमिंगला होतो, आता सिडकोत निवांत आहे, त्यामुळे मोकळेपणानं लिहितो. आमच्या टेबलावर कायम एक तक्ता असायचा, एफपीसी. आठवड्यात कुठल्या वेळेला काय लागणार याचा तो नकाशा. सगळ्या किमती त्या तक्त्यात जन्माला येतात. निर्मात्याची कॉस्ट शीट आम्ही उघडायचो ती सगळ्यात शेवटी, आणि तीही कुठं कापता येईल ते बघायला.

उलटा हिशोब कसा चालतो ते बघा. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांप्रमाणे तासाला १२ मिनिटं जाहिरात दाखवता येते. त्यातली १० विकायची आणि २ स्वतःच्या कार्यक्रमांची. म्हणजे अर्ध्या तासात विकायला ५ मिनिटं, दहा-दहा सेकंदांचे ३० तुकडे. समजा रविवार सकाळचा भाव दहा सेकंदांना ३,००० आहे (आकडा समजुतीसाठी, कुणाचा रेट कार्ड फोडत नाही). सगळं विकलं तर ९०,०००. सकाळी सगळं विकलं जात नाही. निम्मं गेलं तर ४५,०००. जाहिरात एजन्सीचे १५ टक्के गेले की उरले ३८,२५०. त्यातून उपग्रहाचं भाडं, केबलवाल्यांना द्यायचे, सेल्सवाल्यांचे पगार. आता तुमचे एक लाख याच्यात कुठं ठेवू?

तोच माहितीपट रात्री आठला लावला तर दहा सेकंदांचा भाव कितीतरी पट होतो. म्हणजे ‘माहितीपटाचा रेट कमी असतो’ असं ते जे सांगतात ते खरं तर रविवार सकाळच्या रेटबद्दल असतं. आठच्या जागी तुम्हाला कुणी बसवत नाही, हा भाग निराळा.

परळी_थर्मल

मग दैनंदिन मालिकेला जास्त देतात ते फक्त वेळेमुळं? त्यांचा खर्च पण दिसतो की. दागिने बघा अंगावर.

जुना_एफपीसी

दागिने प्रायोजकाचे किंवा भाड्याचे असतात, त्यावर जाऊ नका.

मालिकेचं गणित सेटचं आहे. समजा वाड्याचा सेट ४० लाखांना पडला. मालिका ४०० भाग चालली तर भागावर १०,००० चा बोजा. पन्नासाव्या भागाला गुंडाळली तर ८०,००० चा. म्हणून निर्माता पहिले दोन महिने जीव मुठीत धरून असतो आणि गुरुवारी बार्कचे (किती लोकांनी काय बघितलं त्याचे) आकडे आले की सेटवर कुणी कुणाशी बोलत नाही. स्वयंपाकघर एकदा उभं केलं की सहा वर्षं त्यात भांडणं करता येतात, पडदे बदलायचे फक्त. एक दिवस शूट, साधारण एक भाग. त्यामुळे फिक्शनचा भागाचा दर मोठा दिसला तरी मिनिटाचा खर्च तुमच्या बारवेपेक्षा कमीही असू शकतो.

पौराणिक-ऐतिहासिकला वेगळा दर मागतात आणि मिळतोही. कपडे, घोडे, व्हीएफएक्स. पण पहिले वीस भाग मोठे, नंतर सगळी लढाई दरबारातच होते, हे तुम्हीही पाहिलं असेल.

गाण्याचा किंवा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम असेल तर परीक्षक, निवेदक आणि वाद्यवृंद दिवसावर येतात, म्हणून एका दिवसात जास्तीत जास्त भाग उरकायचे. फॉरमॅट (कार्यक्रमाचा साचा) बाहेरचा असला तर त्याची फी वेगळी. पण तिथं शीर्षक प्रायोजक येतो आणि कधी कधी एकट्यानंच खर्चाचा मोठा वाटा उचलतो. पाककृतीचा कार्यक्रम तर बऱ्याचदा मसालेवाल्याच्या पैशावरच उभा असतो. गप्पांचा कार्यक्रम सगळ्यात सोपा, एक सोफा आणि दिवसाला तीन भाग.

तुमच्याकडे वाटून टाकायला काहीच नाही. दर भागाला नवीन गाव, नवीन उजेड, नवीन सरपंच. अख्ख्या धंद्यात ज्याचा दर सगळ्यात खाली त्याचाच खर्च असा पसरट.

मीरारोड_व्हाया_अंबाजोगाई

एफपीसी साहेबांनी बरंच खरं सांगितलं. मी लाइन प्रोड्यूसर आहे, म्हणजे शूटिंगचा रोजचा खर्च आणि व्यवस्था बघणारी, दुसऱ्या बाजूचं सांगते.

दर एकदा ठरला की तो दगडावरची रेघ, पण फक्त आमच्यासाठी. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं तेव्हा मराठी मालिकांची युनिटं गोवा, दमण, सिल्वासाकडे पळाली, आठवत असेल. आमचंही युनिट गेलं. साठ माणसांचं राहणं, जेवण, तपासण्या. ज्या चॅनेलसाठी काम करत होतो त्यांनी पर एपिसोड एक रुपया वाढवला नाही. वरून मेल आला, ‘बाहेरगावी असल्यामुळे कन्व्हेयन्स वाचत असेल, त्याचा तपशील द्यावा.’ तो मेल मी अजून जपून ठेवलाय.

बारववेडा, तुम्हाला ते एक वाक्य नक्की ऐकवतील, ‘तुम्हाला तिकडं स्वस्तात पडतं ना.’ तयारीत राहा. मराठवाड्यात जेवण स्वस्त, मान्य. पण लेन्स पुण्याहून किंवा मुंबईहून येते, तिचं भाडं प्रवासाच्या दिवसांचंही लागतं. चांगला साउंडवाला हवा असेल तर तोही देवगिरी एक्सप्रेसनं येणार आणि देवगिरीनंच जाणार. हे सगळं स्वतंत्र ओळीत दाखवा. एकत्र ‘प्रवास’ लिहिलंत तर तिथंच कात्री लागते.

औसा_ते_लीड्स

मूळ औशाचा, सहा वर्षांपासून इंग्लंडात पोस्ट प्रॉडक्शनमध्ये आहे. इथं हा रुमाल थोडा बाजूला केलाय, म्हणून लिहितो.

२००३ च्या त्यांच्या कम्युनिकेशन्स ॲक्टनं बीबीसी, चॅनेल ४, आयटीव्ही वगैरे सार्वजनिक सेवेची जबाबदारी असलेल्या वाहिन्यांना सांगितलं की बाहेरच्या निर्मात्यांकडून काम घेताना कुठल्या नियमानं घेणार ते लिहून ठेवा. त्यावर ऑफकॉमची (तिथली प्रसारण नियामक संस्था) देखरेख. त्यातूनच प्रकारानुसार अंदाजे दर जाहीर करायची पद्धत रुळली. बीबीसीचे तक्ते कुणीही बघू शकतो. नाटक (म्हणजे फिक्शन), विनोदी, माहितीपर, मनोरंजन, मुलांचे, असे प्रकार आणि प्रत्येकाला तासाचा दर. एकच आकडा नाही, खालचा आणि वरचा असा पट्टा. त्यात तुम्ही कुठं बसता ते चॅनेल, वेळ, कलाकार, किती गावं फिरायची यावर. फिक्शन सगळ्यात वर, दिवसाउजेडी लागणारे कार्यक्रम तळाला. म्हणजे उतरंड आपल्यासारखीच. आणि रोजच्या मालिकांचा तासाचा खर्च तिथंही मोठ्या ड्रामापेक्षा कितीतरी कमी, कारण एफपीसी साहेबांनी सांगितलं तेच. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ १९६० पासून चाललीय. गल्ली उभी आहे, लोक येतात, भांडतात, जातात.

पण माझ्या मते खरी गोम तक्त्यात नाहीच. त्या तक्त्यातला आकडा कार्यक्रमाची किंमत नसतो, दाखवण्याच्या परवान्याची किंमत असतो. पूर्वी तिथंही चॅनेल पूर्ण खर्च आणि वर थोडी फी द्यायचं आणि सगळे हक्क सहसा स्वतःकडे ठेवायचं. २००३ च्या कायद्यानंतर करारांची पद्धत बदलली. आता हक्क निर्मात्याकडे राहतात, चॅनेल ठराविक मुदतीसाठी परवाना घेतं. म्हणून निर्माता कधी कधी खर्चापेक्षा कमी दरालाही हो म्हणतो. उरलेलं तो परदेशी विक्रीतून, वितरकाच्या ॲडव्हान्समधून, किंवा ड्रामा असेल तर करसवलतीतून भरून काढतो. महागड्या ड्रामासाठी ती सवलत २०१३ ला आली, तासाला किमान १० लाख पौंड खर्चाची अट होती.

हक्क हाताशी असले की काय होतं त्याचं उदाहरण आपल्या घराघरात आहे. ‘कौन बनेगा करोडपती’ मुळात तिथला. सेलाडॉर नावाच्या निर्मितीसंस्थेचा कार्यक्रम, १९९८ ला आयटीव्हीवर आला, २००० ला आपल्याकडे.

अवांतर: ‘तिकडं स्वस्तात पडतं’ या वाक्यावरून आठवलं. लंडनबाहेर काम गेलं पाहिजे म्हणून तिथं कोटा आहे, आणि लंडनबाहेरचं कशाला म्हणायचं याच्या तीन कसोट्या. कंपनीचा खरा कारभार एम २५ या रिंगरोडच्या बाहेर हवा, खर्चाचे किमान ७० टक्के बाहेर, पडद्यामागच्या माणसांवरच्या खर्चाचे किमान ५० टक्के बाहेरच्या माणसांवर. तीनपैकी दोन तरी जमल्या पाहिजेत. आपल्याकडे घाटाच्या अलीकडचं कशाला म्हणायचं हे कुणी ठरवलं तर मजा येईल.

हिंगोलीकर

घाटाच्या अलीकडचं म्हणजे पुणे धरतील ते.

परळी_थर्मल

+१. आणि कोटा पण त्यांनाच जाईल.

धाराशिवची_काकू

औसेकर, छान लिहिलंत, पण ते सगळं बीबीसीच्या लायसन्स फीवर चालतं. लोक घरटी पैसे भरतात. आपल्याकडे चॅनेलवाला स्वतःच्या खिशातून धंदा करतो, त्यानं हक्क का सोडावेत?

औसा_ते_लीड्स

काकू, आयटीव्ही आणि चॅनेल ४ जाहिरातींवरच चालतात. चॅनेल ४ तर १९८२ ला सुरू झालं तेच बाहेरून कार्यक्रम विकत घ्यायचे म्हणून. हक्क कुणी आपणहून सोडले नाहीत हे मात्र खरं. निर्मात्यांची संघटना आहे, पॅक्ट नावाची, ती वर्षानुवर्षं भांडली.

मीरारोड_व्हाया_अंबाजोगाई

संघटना म्हणे. आमच्याकडे दोन निर्माते एका लिफ्टमध्ये भेटले तरी एकमेकांना पर एपिसोड खोटा सांगतात. दोघंही फुगवून.

निवृत्त_दूरदर्शनप्रेमी

मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं, तेव्हापासूनचा प्रेक्षक आहे, त्यातली बरीच वर्षं सिग्नल नसलेला.

तिथं एकेकाळी गणित याच्या अगदी उलट होतं हे नव्या मंडळींना माहीत नसेल. १९८४ ला ‘हम लोग’ आली ती प्रायोजित मालिका, मॅगीवाल्यांची. प्रायोजित पद्धतीत निर्मात्यानं किंवा प्रायोजकानं दूरदर्शनला प्रक्षेपण शुल्क भरायचं, त्याबदल्यात जाहिरातीची काही सेकंद फुकट मिळायची, ती बाजारात विकून खर्च काढायचा. म्हणजे पर एपिसोड निर्माताच देणार! पुढे स्वतः पैसे देऊन कार्यक्रम करून घ्यायच्या योजनाही आल्या.

बारववेडा यांनी सह्याद्रीकडे चौकशी केली का? ‘आमची माती आमची माणसं’ बघून आमच्याकडची अर्धी पिढी फवारणी शिकली. बारवेला तिथं कान मिळेल.

बारववेडा

सर, तिकडं पण अर्ज करणार आहे. पण हे गुरुवारचं आधी निस्तरू द्या.

औसेकर, परवान्याची गोष्ट भारीच. मी फोनवर हक्काचं विचारलंच नाही. त्यांनी पण काढलं नाही. म्हणजे ते आमच्याकडेच राहतात ना?

सीए_जुना_जालना

नाही! इथंच सगळे फसतात, म्हणून लॉगिन केलं.

कॉपीराइट ॲक्ट १९५७, कलम १७ (ब). कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्रपट बनवला, आणि उलट काही लिहिलेलं नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा. कायद्याच्या व्याख्येत तुमची मालिका पण ‘चित्रपट’च. म्हणजे तुम्ही गप्प बसलात तर कायदा चॅनेलच्या बाजूनं बोलतो. इंग्लंडात जे मागावं लागत नाही ते आपल्याकडे लिहून घ्यावं लागतं. तुमच्याकडे आधीच शूट केलेल्या बत्तीस जागा आहेत, ते फुटेज त्यांच्या सांगण्यावरून केलेलं नाही. त्याची तारखांसकट वेगळी यादी कराराला जोडा.

हक्क देणारच असाल तर मुदत आणि प्रदेश लिहा. हस्तांतराच्या करारात मुदत नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश नसेल तर भारत, असं कलम १९ धरतं. पण कुठलाही चॅनेलचा वकील ते मोकळं सोडत नाही, ‘अनंत काळ, संपूर्ण विश्व’ असं छापील असतं. विश्व हा शब्द मी स्वतः वाचलाय. मंगळावर पण दाखवतील. मी वकील नाही, सही करायच्या आधी वकिलाला दाखवा.

आता माझ्या प्रांतातलं. तुमची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर असेल, किंवा आधीच नोंदणी असेल, तर बिलावर १८ टक्के जीएसटी. महिन्याला चार भाग, भागाला ७५ हजार धरले तर बिल ३ लाख आणि जीएसटी ५४ हजार. तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, चॅनेलनं पैसे दिलेले असोत नसोत. चॅनेल देणार ९० दिवसांनी. म्हणजे पहिले तीन महिने सरकारला तुम्ही खिशातून देताय. हे व्याज दरात धरा. कुणीच धरत नाही.

टीडीएस घाबरण्यासारखा नाही, कराराच्या कामाचा आहे, फर्मला २ टक्के.

आणि उद्यम नोंदणी आजच करून टाका. सूक्ष्म-लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. एप्रिल २०२४ पासून आणखी एक झालंय. मुदतीत दिले नाहीत आणि मार्चअखेरही थकलेलेच असले, तर तो खर्च त्यांना त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही. त्यामुळे मार्चमध्ये मोठ्या कंपन्या अचानक फार प्रेमानं फोन करतात.

सायबर_सेलू

एवढ्या भानगडीपेक्षा यूट्यूबवर टाका की राव.

बारववेडा

टाकलंय. चौदा महिन्यांत जेवढं आलं त्यात वालूरचं एकदा जाऊन येणं होतं. परभणीहून.

जुना_एफपीसी

शेवटचा सल्ला. एक आकडा पाठवूच नका. दोन पाठवा. सगळे हक्क हवे असतील तर हा, तीन वर्षांचा परवाना हवा असेल तर हा. समोरच्याच्या एक्सेलमध्ये एकच चौकट असते, दोन आकडे आले की त्याला वरच्याला विचारायला जावं लागतं. आणि वरच्याकडे प्रकरण गेलं की ‘माहितीपटाचं ठरलेलं’ हे वाक्य मागे पडतं, कारण वरच्याला ठरलेलं काही नसतं हे माहीत असतं.

पुनर्प्रक्षेपणाचं लिहा. रविवार सकाळचा भाग बुधवारी दुपारी आणि रात्री दीडला फुकट लागतो. बिल एकदाच.

बारववेडा

दहा दिवसांनी येतोय, माफ करा.

मेल केला होता. सगळे हक्क, कच्च्या फुटेजसकट: भागाला १,४०,०००. तीन वर्षांचा परवाना, फक्त टीव्ही, ओटीटी नाही, कच्चं फुटेज आमचं, तीनदा दाखवायची मुभा: ७५,०००. दोन्हीत ३० टक्के आगाऊ, बाकी ४५ दिवसांत. देवगिरीची तिकिटं वेगळ्या ओळीत.

तीन दिवस शांत. मग फोन. ‘परवाना म्हणजे काय करायचंय तुम्हाला नंतर त्याचं?’ मी म्हणलं, माहीत नाही, पण आमच्याकडं राहू द्या. ‘तिकडं तर स्वस्तात पडतं ना’ पण आलंच, ताई. मी तयार होतो, लेन्सचं भाडं वाचून दाखवलं.

आता असं म्हणायलेत: तेरा नको, सहा भाग. परवान्यावर तयार, पण ५५ हजार, आणि प्रायोजक तुम्ही आणलात तर त्याच्यातला वाटा. ६८ तर नुसता खर्चच आहे. पोरांचं म्हणणं, नाही म्हणा. मला वाटतं सहा भागांत जवळच्या बारवा घेतल्या, एका फेरीत दोन-दोन उरकल्या, तर खर्च ५० च्या आत येतो. मजुरी सुटत नाही, पण सहा भाग आपल्या नावावर राहतात. आगाऊ रकमेवर अजून अडलंय, ते १० टक्के म्हणतात.

सीए_जुना_जालना

१० वर सही करू नका. २५ वर या. आणि प्रायोजकाचा वाटा कशावर, ढोबळ की एजन्सी वजा जाऊन, ते लिहून घ्या.

मीरारोड_व्हाया_अंबाजोगाई

साउंडवाला मी देते. लातूरचा पोरगा आहे, सध्या सुट्टीवर घरीच. देवगिरीची ओळ तेवढी खोडू नका.

सायबर_सेलू

वालूर आमच्याच तालुक्यात. कधी यायलात ते आधी कळवा, दोन दिवस आधी पोरं लावून पायऱ्यांवरचं गवत काढून ठेवतो. त्याचे पर एपिसोड नाही घेणार.